ताट धुऊन प्यायल्यावर

माझं तोंड वाईट, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं चौथीच्या पोरांना पाढे शिकवले, त्यात जो आवाज चढला तो पुन्हा उतरलाच नाही. घरात आम्ही दोघंच असलो तरी भिंतीपलीकडच्या मुसलमान शेजारणीला, आपांना, वाटायचं, भाभींकडे पाहुणे आलेत. ह्यांचं बरोबर उलटं. लातुरात गोलाईजवळ भांड्यांचं दुकान, दिवसभर पितळेच्या खणखणाटात बसायचं, पण माणूस बोलायला मऊ. मी दहा वाक्यं बोलले की हे एक बोलायचे, आणि तेही बहुतेक वेळा खाण्याबद्दल असायचं.

विडी नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. गोड खाणं हा एकच शौक. आम्ही लिंगायत. आमच्यात कार्य कुठलंही असो, गूळ घालून केलेली गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, हवीच. ती लोक वाटीत घेतात, हे ताटात घ्यायचे. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या सासूबाईंनी मला बजावलं होतं, "ह्याला गुळाचा डबा दाखवू नको. मुंगीला कळायच्या आधी ह्याला कळतंय."

आणखी एक सवय होती, ती मात्र सगळ्या घराची. सकाळ-संध्याकाळ गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच जेवायचं. जेवण म्हणजे प्रसाद. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, ताटात शीत सोडायचं नाही. जेवण झालं की ताटातच पाणी ओतायचं, बोटांनी ताट स्वच्छ धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. इतर दिवशी त्यानंतर सुपारी-बडीशेप चालायची. सोमवारी मात्र ताट धुऊन प्यायलं की संपलं, दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत तोंडात काही जायचं नाही. साध्या पाण्याशिवाय काही नाही. लग्नाच्या अडतीस वर्षांत हे एकदाही मोडलेलं मी पाहिलं नाही. पुढं जे झालं ते कळायला एवढं ध्यानात ठेवा.

साखरेचा आजार पन्नाशीतच लागला होता. आधी गोळ्या, मग दोन वेळची इन्सुलिनची इंजेक्शनं. ती मीच द्यायची, कारण ह्यांना सुई बघवत नसे. मागच्या वर्षी नवी चप्पल लागली. एवढासा फोड. हे चार दिवस बोलले नाहीत आणि मला दिसला तेव्हा बोट काळं पडलं होतं. उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं, पण तिथली जखम भरेना. पट्टी घरी मी बदलायची, महिना-दीड महिन्यानं दाखवायला जायचं आणि डॉक्टरांनी मान हलवायची. एक दिवस ते स्पष्टच म्हणाले, "साखर खाली आली नाही तर पुढच्या वेळी बोटावर भागायचं नाही. घोट्यापासून काढावा लागेल."

  घरी येऊन रिक्षातून दाराशी उतरताना हे म्हणाले, "पाय गेला तर मांडी कशी घालू?"

"खुर्चीवर बसून करा की पूजा. देव काय मोजून राहिलाय का मांडी?"

"पूजेचं न्हाई म्हणत मी. शेवटचं म्हणून राहिलो. आपल्यात बसवून नेतात. एक पाय नसल्यावर बसवतील कसं?"

आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून, बसवून पुरतात. तळहातावर लिंग ठेवतात. ह्यांना तेवढीच चिंता. मी म्हणाले, "अभद्र बोलू नका. तुमचा पाय मी जाऊ देणार न्हाई, जीभ कापून ठेवीन तुमची पण पाय ठेवीन." हे हसले. त्या हसण्यावर मी कंबर कसली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी नांदेडला गेलो. आमची एकुलती एक मुलगी तिथं विष्णुपुरीला राहते, जावई कॉलेजात शिकवतात. नातीचा वाढदिवस होता. लेकीनं ओव्हनमध्ये पास्ता केला होता, टोमॅटोचा लाल रस, वर चीज, वितळून खरपूस झालेलं. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. "शेवयाचा मोठा भाऊ दिसून राहिलाय," म्हणाले आणि तीनदा घेतला. मी डोळे वटारले तर म्हणाले, "गोड हाय का हे? तिखटच तर हाय." मी लेकीकडं पाहिलं, ती म्हणाली, "अव्वा, आजच्या दिवस राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी कमाल. हे डोक्याला हात लावून सोफ्यावर टेकले. "घेरी येऊन राहिली बाई. डोळ्यापुढं अंधार." लेक घाबरली, कुणीतरी तिला सांगितलेलं की अशा वेळी गोड द्यावं, तिनं धावत जाऊन डब्यातले दोन पेढे ह्यांच्या तोंडात घातले. मी पाणी घेऊन आले तोवर हे नातीकडं बघून डोळा मारून राहिले होते. घेरी न् बिरी काही नव्हतं. मी असा आवाज लावला की वरच्या मजल्यावरची बाई खाली डोकावली. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई," मी म्हणाले. लाज वाटेल तर शपथ. हे आपले मिशीत हसत होते, ओठाला पेढ्याचा चुरा.

संध्याकाळी यंत्रावर साखर मोजली. आकडा बघून लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपल्या हौसेनं बापाचा पाय जाणार. त्या पाण्यातूनच पुढचं दुधीचं प्रकरण निघालं. रात्रभर तिनं फोनवर काय काय पाहिलं असेल देव जाणे, सकाळी म्हणाली, "अव्वा, पास्त्याऐवजी भाजी वापरतात. वरचं सगळं तेच, आत मैदा न्हाई. लोक झुकिनी म्हणून काकडीसारखी भाजी घेतात, आपण दुधी घेऊ." आणि तिनं केलंही. हे खाऊन म्हणाले, "चव तीच हाय, फक्त खाली जमीन न्हाई." हे तक्रार करत नव्हते, अन्नाला नावं ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण मी ते वाक्य धरून ठेवायला हवं होतं.

लातूरला आल्यावर मी हट्टाला पेटले. माझ्याकडं ओव्हन नाही. जुना कुकर काढला, शिट्टी आणि रबर काढून टाकलं, तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरलं, त्यावर उलटी ताटली, आणि मंद आचेवर झाकण ठेवून तापवला. आमच्या शाळेतली एक बाई असाच केक करायची. पहिल्या दिवशी जे झालं त्याला रस्सा म्हणायलाही लाज वाटावी. दुधीनं सगळं पाणी सोडलं, चीज वर तरंगत होतं. हे बसले, हातावर लिंग घेऊन पूजा केली, जेवले, ताट धुऊन प्यायले. मी विचारलं, "कसं झालंय?" म्हणाले, "प्रसाद हाय."

"अहो, तोंडानं सांगा की!"

"ओलं हाय थोडं," म्हणाले. अडतीस वर्षांत एवढी मोठी तक्रार मी ऐकली नव्हती.

मग मी त्या दुधीच्या मागं लागले. कोवळा दुधी, बी न धरलेला, सोलून त्याच्या लांब पातळ पट्ट्या काढायच्या. पट्ट्यांना मीठ चोळून चाळणीत अर्धा तास ठेवायचं. मग जुन्या धोतराच्या फडक्यात घालून पिळायचं, हात दुखेपर्यंत पिळायचं. तरी मन भरत नाही म्हणून तव्यावर कोरड्याच दोन्ही बाजूंनी डाग पडेस्तोवर भाजायच्या. टोमॅटो शिजवून आटवायचे, त्यात कांदा, लसूण, ढोबळी मिरची. डब्याला तेलाचा हात लावून एक थर पट्ट्या, एक थर रस, एक थर कुस्करलेलं पनीर, असं तीनदा. वर चीज किसायचं. कुकरात पाऊण तास. दहा मिनिटं थंड होऊ द्यायचं, नाहीतर सुरी लावताच सगळं ढासळतं. चौथ्या वेळेला वडी सरळ निघाली. मी ताटली घेऊन आपांकडं गेले. आपांचं घर पिढ्यान्‌पिढ्या गल्लीत, त्यांचे मालक शिवणकाम करतात, तोंडानं त्या माझ्यासारख्याच फटकळ. एक घास खाऊन म्हणाल्या, "भाभी, अच्छा बना. पर भाईसाब का पेट भरतंय का ह्यानं?"

"पेट भरायला न्हाई, पाय भरायला करून राहिले," मी म्हणाले. स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले मी त्या दिवशी.

कारण जखम खरंच भरत होती. रोज संध्याकाळी भाकरी बंद, भात बंद, नुसता दुधीचा तो थर. सकाळीही एकच भाकरी. आठ दिवसांत साखरेचा आकडा उतरला. आणखी आठ दिवसांत आणखी. पट्टी सोडली की जिथं आत पांढरट चिकट असायचं, तिथं गुलाबी मांस दिसायला लागलं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायची, आणि शाळेत पोराच्या वहीवर लिहायची तसं त्याखाली लाल पेननं "छान" लिहायची.

आता माझी चूक सांगते. डॉक्टर म्हणाले होते, जेवणात काही बदल केला तर आधी मला फोन करा, इंजेक्शन त्या हिशेबानं ठरवलेलं असतं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी फोन केला नाही. आळस नव्हता, विसरलेही नव्हते. घमेंड होती. मला वाटत होतं, गुरुवारी दाखवायला जायचंच आहे, तेव्हा पट्टी सोडून एकदम पुढं ठेवू ती जखम. बघा म्हणावं डॉक्टर, तुम्ही पाय कापायला निघाला होता, मी दुधीनं वाचवला. त्यांचा चेहरा बघायचा होता मला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर गोठाच रिकामा झाला.

त्यात श्रावण लागला. ह्यांचे सोमवार कळत्या वयापासूनचे. दिवसभर कडकडीत उपास, दिवेलागणीला पूजा करून सोडायचा, आणि सोडायचा तो हुग्गीनं. डॉक्टरांनी उपास करायचाच नाही असं सांगितलेलं. ह्यांनी मान डोलावलेली. घरी आल्यावर म्हणाले, "सगळं ऐकतो तुझं, सोमवार सोडणार न्हाई."

भांडण झालं. कधी न बोलणारा माणूस तासभर बोलला. बापाचे सोमवार, आजाचे सोमवार. शेवटी आम्ही तोड काढली, आणि ती तोड म्हणजेच आमचा घात. उपास ह्यांनी करायचा, पण सोडताना ताटात काय असेल ते मी ठरवायचं. दोघांनी एकेक पाऊल मागं घेतलं, दोघांनाही आपणच जिंकल्यासारखं वाटलं. उपासाच्या दिवशी इंजेक्शनाचं काय करायचं, ह्याचा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. वेळ झाली की सुई द्यायची, एवढंच मला माहीत.

पहिला सोमवार निभावला. त्या दिवशी मी डोळेझाक करून हुग्गीचे दोन चमचे वाढले होते, पहिला सोमवार म्हणून. दुसऱ्या सोमवारी म्हटलं, आता लाड पुरे, तीन दिवसांवर गुरुवार आला.

त्या दिवशी मी दुपारी चारपासून लागले होते. उपास सोडायचा म्हणून कांदा-लसूण नाही, नुसतं आलं-जिरं. दुधी नेहमीपेक्षाही कोरडा पिळला. सहा वाजता ह्यांचं बोट टोचून साखर बघितली. आजार लागल्यापासून नव्हता एवढा चांगला आकडा. ब्याण्णव. मी टाळी वाजवली हो! "बगा, आली का न्हाई ताळ्यावर?" हे दमल्यासारखे दिसत होते, पण हसले. मी नेहमीचं इंजेक्शन भरलं, नेहमीएवढंच, आणि दिलं. कॅलेंडरवर लिहिलं, ब्याण्णव. छान.

पूजा झाली. कपाळाला विभूती लावलेली, मांडी घालून बसलेले. मी वडी वाढली, वर कोथिंबीर. सावकाश जेवले. ताटात पाणी ओतलं, बोटांनी लाल रस धुतला, प्यायले. ताट असं लखलखीत की दुकानात मांडावं.

मी स्वयंपाकघरात कुकर पुसत होते. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. हे दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"अगं, गुळाचा खडा दे गं जरा."

मी वळूनही बघितलं नाही.

"कशाला?"

"कसंतरीच व्हायलंय. हात थरथरून राहिलेत."

आता मला तो आवाज आठवतो. त्यात चेष्टा नव्हती. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं नांदेडचा सोफा आला, ते पेढे, तो डोळा मारणं. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. दोन आठवडे मी पिळून पिळून हात दुखवून घेतले, आणि हा माणूस आज, ब्याण्णव आल्यावर, गूळ मागतो?

"झालं का नाटक सुरू? नांदेडला पोरीला फसवलंत, मला न्हाई फसवायचं! आणि ताट धुऊन प्यायलात ना? सोमवार हाय ना आज? कुठं गेला आता तुमचा सोमवार? डॉक्टरचं ऐकत न्हाई म्हणता देवासाठी, आणि देवाचं मोडता गुळासाठी?"

 ह्यांनी चौकटीवरचा हात काढला. गुळाचा डबा त्यांच्यापासून दोन हातांवर होता, खालच्या फळीवर, मी लपवलेलाही नव्हता. हात लांब केला असता तर मिळाला असता. नाही केला. सोमवारची आठवण मी करून दिली होती ना. "बरं," म्हणाले आणि भिंतीला धरत आत जाऊन खाटेवर आडवे झाले.

अडतीस वर्षांत सोमवारी ताट धुऊन प्यायल्यावर ह्या माणसानं सुपारीचं खांड मागितलं नव्हतं. त्या दिवशी गूळ मागितला, म्हणजे काहीतरी झालं असेल, हे बायकोला कळायला नको? चौथीच्या पोराचा चेहरा बघून ह्याचं पोट दुखतंय की ह्यानं अभ्यास केला नाही, ते मी ओळखायची. तेवढं वळून बघायचं होतं फक्त.

मग लेकीचा फोन आला. मी ओट्याला टेकून तासभर बोलले. ब्याण्णव सांगितलं, दुधी कसा कोरडा झाला ते सांगितलं, गुरुवारी डॉक्टरांना काय काय ऐकवणार तेही सांगितलं. ती म्हणाली, "अप्पांना दे ना फोन." मी आत डोकावले. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. "रुसलेत, झोपलेत. उपासानं दमलेत," मी म्हणाले. गुळाचं काही बोलले नाही. बोलले असते तर ती तिथून ओरडली असती.

नंतर आपा आल्या, आमची ताटली परत द्यायला. आमच्यात रिकामी ताटली परत देत नाहीत, त्यांनी चार खारका घातल्या होत्या. सहज म्हणाल्या, "भाईसाब दिसत न्हाईत." आणि आतून एक घोरण्यासारखा आवाज आला, ओला, घरघरणारा. आपांनी ताटली तिथंच टाकली आणि आत धावल्या. ह्यांचा सदरा पिळून काढावा असा भिजला होता. उशी भिजली होती. विभूती वाहून भुवईत उतरली होती.

"या अल्ला! भाभी, शक्कर उतरी इनकी! गूळ लाओ, साखर लाओ, जल्दी! अम्मीला असंच व्हायचं."

मी उभी.  आपांनीच डबा शोधला, बोटावर गूळ कालवून ह्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांना चोळत राहिल्या. त्यांचे मालक रिक्षा घेऊन आले. रिक्षात ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ओठाला गूळ लागलेला होता.

दवाखान्यात सलाईनमधून साखर चढवली. आकडा वर आला. हे आले नाहीत. तिथले डॉक्टर म्हणाले, मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही. किती वेळ, असं त्यांनी विचारलं. किती वाजता जेवले, त्यानंतर काही तक्रार केली होती का, घाम, थरथर, काही खायला मागितलं होतं का? मी म्हणाले, न्हाई. ते कागदावर लिहून मोकळे झाले.

अठरा दिवस हे तसेच बेशुद्ध होते. लेक नांदेडहून आली ती तिथंच राहिली. नळीतून जेवण, सुईतून औषध, साखर तासातासाला मोजलेली. नर्स रोज पायाची पट्टी बदलायची. सोळाव्या दिवशी तिनं पट्टी सोडली आणि पुन्हा बांधलीच नाही. "काकू, जखम पूर्ण भरली बघा," म्हणाली. चांगली पोरगी, तिला वाटलं मला आनंद होईल. मी त्या पायावरून हात फिरवला. करंगळीच्या जागी नवी पातळ गुलाबी कातडी आली होती, लहान मुलाच्या टाचेसारखी.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी, छातीत कफ भरून गेले.

घरी आणलं. आंघोळ घातली, विभूती लावली, नवं धोतर नेसवलं. मग बसवायचं होतं. जंगम स्वामींनी आणि भावकीतल्या दोघांनी पाय दुमडले. उजवा पाय सहज मुडपला. मांडी अशी छान बसली की स्वामी म्हणाले, "आसन बरोबर जमलं." तळहातावर लिंग ठेवलं. अगदी रोज संध्याकाळी पूजेला बसायचे तसेच दिसत होते. पाय मी जाऊ देणार न्हाई म्हणाले होते, नाही जाऊ दिला.

सगळं आटोपल्यावर लेक स्वयंपाकघर आवरायला लागली. ओट्यावर कुकर तसाच होता, तळाचं मीठ काळपट पडलेलं. कॅलेंडरवर शेवटचा आकडा ब्याण्णव. ती तिथंच खाली बसली. तिला दवाखान्यात कुणीतरी समजावून सांगितलं होतं, उपास, इंजेक्शन पूर्ण, आणि जेवणात पिठाचा कणही नाही, म्हणून साखर उतरतच गेली.

"अव्वा, माझ्यामुळं झालं. मीच ते दुधीचं डोक्यात घातलं तुझ्या."

"न्हाई गं बाई," मी म्हणाले.

"शेवटी काही बोलले का अप्पा? काही मागितलं का?"

इथं सांगायला हवं होतं. तोंडाचा एवढा पट्टा माझा, गल्लीला ऐकू जाणारा, तो त्या वेळी चालला नाही. मी म्हणाले, "म्हणाले, आज छान झालंय."

ती रडली. अप्पांनी कधी कुठल्या जेवणाला छान म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं, म्हणून जास्तच रडली. अन्नाला नावं ठेवायची नाहीत म्हणजे चांगलंही म्हणायचं नाही, अशीच त्यांची रीत होती. तिला शंका यायला हवी होती, पण तिनं विश्वास ठेवला.

त्याला आता वर्ष होत आलं. ती दर पंधरा दिवसांनी येते. दुधी घरात आणू देत नाही. बाजारात ठेल्यावर दिसला तरी तोंड फिरवते. ओव्हनही काढून टाकला म्हणे, नातीचा वाढदिवस ह्या वेळी बाहेरच्या केकवर झाला. फोनवर मध्येच गप्प होते आणि मला कळतं, पुन्हा तिथंच गेली. मी इकडून "अगं तुझा काय दोष," एवढंच म्हणते. त्यानं तिचं ओझं उतरत नाही, आणि का उतरत नाही ते मला ठाऊक आहे.

दुधीचा दोष नव्हता बाळा, आणि तुझाही नव्हता. त्यांनी गुळाचा खडा मागितला होता. मी दिला नाही.